गावठाणातली जुनी कौलारू शाळा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे–बेलापूर पट्टीतल्या आणि घोडबंदरकडच्या गावठाणांत अजूनही कुठे कुठे एक बुटकी, लांबट, कौलारू इमारत तग धरून आहे. समोर पडवी, तीन बाजूंना चारमजली घरे, दाराला कुलूप. पत्त्यात तिचे नाव नसते, पण रिक्षावाल्याला "जुन्या शाळेपाशी" म्हटले की तो बरोबर आणून सोडतो. अशा इमारतींची मोजमापे घ्यायला गेलो की ग्रामस्थ, माजी विद्यार्थी आणि गावकीची मंडळी साधारण हेच प्रश्न विचारतात. कुठल्याही एका गावाची ही माहिती नाही. उदाहरणादाखल जिथे एका शाळेचा उल्लेख आहे, ती खाडीलगतच्या एका गावठाणातली आहे.

ही शाळा इंग्रजांनी बांधून दिली, असे आमचे आजोबा सांगायचे. खरे का?

हुकूम सरकारचा होता, पैसा बराचसा गावाचाच होता.

१८५४ साली वुडचा खलिता, म्हणजे शिक्षणाविषयीचा विलायतेहून आलेला सरकारी आदेश, आला आणि १८५५ मध्ये मुंबई इलाख्यात सरकारचे शिक्षण खाते सुरू झाले. शाळा काढायच्या तर पैसा कुठून आणायचा? १८६३ पासून शेतसाऱ्याच्या प्रत्येक रुपयामागे एक आणा जादा उपकर घ्यायला सुरुवात झाली. १८६९ च्या लोकल फंड कायद्याने त्याला कायद्याचा आधार दिला. या पैशातला एक तृतीयांश भाग शिक्षणाला जायचा आणि उरलेला मुख्यतः रस्त्यांना. म्हणजे खाजणातली भातशेती कसणारा आगरी शेतकरी साऱ्याबरोबर शाळेचाही पैसा भरत होता, मग त्याचा मुलगा त्या शाळेत बसो वा न बसो. बहुतेकदा बसत नसे. भातलावणीच्या दिवसांत आणि मिठागराच्या हंगामात घरातला प्रत्येक हात कामाला लागायचा.

१८८४ च्या कायद्याने जिल्हा आणि तालुका लोकल बोर्डे आली आणि गावच्या शाळा त्यांच्याकडे गेल्या. त्यामुळे नव्वदीतली मंडळी अजून "लोकल बोर्डाची शाळा" म्हणतात. १९२३ च्या प्राथमिक शिक्षण कायद्याने बोर्डांचे अधिकार वाढवले. १९४७ च्या कायद्याने जिल्हा स्कूल बोर्डे आली. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि ती "झेडपीची शाळा" झाली. पुढे १ ऑक्टोबर १९८२ ला ठाण्याची आणि १ जानेवारी १९९२ ला नवी मुंबईची महापालिका आली, तशा इथल्या गावच्या शाळा पालिकेच्या होत गेल्या. दारावरच्या पाटीचा रंग खरवडला तर यातले दोन-तीन थर एकाखाली एक सापडतात.

त्याआधी गावात शाळाच नव्हती का?

होती, पण इमारत नव्हती. देवळाच्या ओसरीत किंवा एखाद्या मोठ्या घराच्या पडवीत पंतोजी बसायचे. धूळपाटीवर अक्षरे, मोडीचे वाचन, पावकी-निमकी-दीडकीचे पाढे. येणारी मुले बहुतेक पांढरपेशा घरांतली. सरकारी शाळा सुरू झाल्यावरही पुष्कळ गावांत वर्षानुवर्षे ती चावडीत किंवा भाड्याच्या घरात भरायची. स्वतःची इमारत मिळणे ही त्या काळी मोठी गोष्ट होती. म्हणून शाळेचे स्थापनेचे साल आणि इमारतीचे साल बऱ्याचदा वेगळे असते. शतकमहोत्सवाच्या फलकावरचे साल शाळेचे असते, भिंतींचे असेलच असे नाही.

मग इमारत किती जुनी हे ओळखायचे कसे?

एका खुणेवर जाऊ नका. चार खुणा जुळल्या तर बोला.

पहिली खूण जोडकामाची. भिंत चुन्यात बांधली आहे की सिमेंटमध्ये, हे गिलावा उडालेल्या कोपऱ्यात दिसते. चुना पांढरट असतो, नखाने खरवडला की भुकटी होते आणि त्यात शिंपल्यांचे तुकडेही दिसू शकतात. खाडीकाठच्या गावांना चुना शिंपल्यांपासून मिळायचा. भारतात पोर्टलँड सिमेंटचे उत्पादन खऱ्या अर्थाने १९१४ मध्ये पोरबंदरला सुरू झाले आणि ते खेडोपाडी पोचायला आणखी बराच काळ गेला. त्यामुळे दारा-खिडक्यांवर मूळचेच काँक्रीटचे लिंटेल असेल तर इमारत बहुधा विसाव्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थांशातली किंवा नंतरची. तिथे विटांची चपटी कमान किंवा सागाची जाड फळी असेल, तर त्याआधीची असण्याची शक्यता वाढते.

दुसरी खूण लोखंडाची. पडवीवर लोखंडी तुळई असेल तर तिच्या बाजूवर उठावदार अक्षरे शोधा. टाटांच्या जमशेदपूरच्या कारखान्यात पहिले पोलाद १९१२ मध्ये निघाले. तुळईवर "टाटा" असेल तर ती त्याआधीची असूच शकत नाही. विलायती कारखान्याचे नाव असेल तर ती आधीचीही असेल, नंतरचीही. तुळईऐवजी जुना रेल्वेचा रूळच आडवा टाकलेलाही आढळतो. १८५३ साली पहिली आगगाडी जिथवर आली त्या ठाण्याच्या आसपास भंगारातला रूळ मिळणे अवघड नव्हते. शाळेची घंटा म्हणूनही रुळाचा तुकडाच टांगलेला असायचा.

तिसरी खूण कौलांची. त्याबद्दल खाली स्वतंत्र लिहिले आहे, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो.

चौथी खूण कागदाची. शेरेबुक मिळाले तर इतर खुणा फक्त पडताळून पाहायला लागतात. दिपोटी, म्हणजे शाळा तपासणारे सरकारी अधिकारी, तपासणीला आले की शाळेच्या पुस्तकात शेरा लिहून जायचे, आणि त्यांच्या शेऱ्यांत इमारत हमखास असायची. छप्पर गळते, जागा अपुरी, नव्या इमारतीसाठी लिहावे, अशा धर्तीचे. तारखा ओळीने लावल्या की इमारत कधी मागितली आणि कधी उभी राहिली हे उलगडते. १८८२ मध्ये निघालेले ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियरही पाहावे, पण त्यात तुमच्या गावच्या शाळेच्या भिंतींचे वर्णन असेल ही अपेक्षा ठेवू नका.

कौलावर १८६५ असे कोरले आहे. म्हणजे शाळा १८६५ ची ना?

नाही.

ते साल कारखान्याचे. बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला तो १८६५ मध्ये, आणि ते साल पुढे कित्येक दशके कौलांवर छापले जात राहिले. पहिल्या महायुद्धानंतर मिशनचे कारखाने कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले, तरी नव्या नावाच्या ठशाबरोबर १८६५ चालूच राहिले. तेव्हा कौल हातात घेतलेच आहे तर साल नको, नाव वाचा. "बासेल मिशन" असेल तर ते कौल साधारण महायुद्धाआधीचे, "कॉमनवेल्थ" असेल तर नंतरचे. मोरबीचा ठसा असेल तर तो माल गुजरातचा, आणि बहुधा दुरुस्तीच्या वेळी चढलेला.

आम्ही पाहिलेल्या शाळेत एकाच उतारावर चार कारखान्यांची कौले होती. आढ्याजवळची जुनी, शेवाळाने काळी पडलेली, आणि पागोळीकडची नवी. छपराची खालची कड पोरांच्या चेंडूने आणि नारळाच्या झावळ्यांनी फुटते, म्हणून तिथली कौले वारंवार बदलतात. वय काढायचे तर वरची कौले पाहा.

एवढे करूनही कौलाचे साल ते छपराचे साल. मंगळुरी कौले येण्याआधी याच भिंतींवर नळीची कौले किंवा पेंढ्याचे छप्पर असू शकते.

सगळ्या गावांतल्या शाळा एकसारख्या का दिसतात?

कारण नकाशा कचेरीतून यायचा. एक लांब दालन, त्याला लागून एखादी खोली, पुढे पूर्ण लांबीची पडवी, दोन्ही लांब भिंतींना समोरासमोर खिडक्या. पट वाढला की त्याच रेषेत आणखी एक खोली जोडायची. इंग्रजी एल अक्षरासारखी वळलेली शाळा दिसली तर आडवा हात नंतरचा आहे असे समजायला हरकत नाही.

पण नकाशा कचेरीचा असला तरी हात गावचा असायचा. दगड जवळच्या खाणीतला काळा, लाकूड ठाणे जिल्ह्यातल्याच जंगलातले साग किंवा ऐन, गवंडी ओळखीचा. त्यामुळे दोन शाळांचे नकाशे एकावर एक ठेवले तर जुळतात, पण पडवीचे खांब जुळत नाहीत. कुठे चौकोनी घडीव दगडी बैठकीवर गोल लाकडी खांब, कुठे साधा चौरस, कुठे विटांचाच खांब चुन्याने गुळगुळीत केलेला. खांबाच्या माथ्यावरची तुळई पेलणारी आडवी लाकडी बेचकी नीट पाहा. गावच्या सुताराने मन घातले असेल तर ते तिथेच दिसते.

पडवी एवढी रुंद कशाला?

पावसासाठी. ठाण्याला वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. शाळेचे वर्ष सुरू होते तेही जूनमध्येच. नैर्ऋत्येकडून झड येते. ती थेट खिडकीतून वर्गात शिरू नये म्हणून मधे आठ-नऊ फुटांची पडवी आणि तिच्यावर चांगले खाली उतरलेले छप्पर. छत्र्या, इरली, ओले पाय, सगळे पडवीत थांबायचे. मधली सुट्टी पडवीत, प्रार्थना पडवीत, पावसाळ्यातली कवायतही पडवीत.

छप्पर खाली उतरले की उजेड कमी होतो. म्हणून खिडक्यांची खालची कड जमिनीपासून फारशी उंच ठेवलेली नसते. मुले बाकांवर नाही, बस्करावर बसायची, तेव्हा उजेड पाटीवर पडायचा तर खिडकी खाली हवी. फळा अशा भिंतीला असतो की मुख्य उजेड मुलांच्या डावीकडून यावा आणि लिहिणाऱ्या हाताची सावली अक्षरावर पडू नये. डावखुऱ्या पोरांचा विचार कुणी केला नव्हता. त्यांना उजव्या हाताने लिहायला लावायचे, झाले.

पडवीचा आणखी एक उपयोग झाला, त्याबद्दल गावात कमी बोलले जाते. अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांना मुंबई इलाख्यातल्या अनेक शाळांत वर्गाबाहेर, पडवीत किंवा पायरीशी बसवले जात असे. १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेने एका महार मुलाला प्रवेश नाकारला, तेव्हा तो वाद पार वरपर्यंत गेला. सरकारी शाळा सर्वांना खुल्या, हे धोरण कागदावर आले. पण कागद आणि पडवी यांत अंतर राहिले. १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात असा तो ठराव. तो अमलात आणायला पुढे किती झगडावे लागले हे महाडच्या चवदार तळ्याने १९२७ मध्ये दाखवले.

म्हणून मोजमाप घेताना पडवी किती फूट रुंद एवढेच न लिहिता तिथे कोण बसायचे हेही विचारावे, आणि ते फक्त पाटलाच्या आळीत न विचारता गावाच्या दुसऱ्या टोकालाही विचारावे. दोन उत्तरे वेगळी आली तर दोन्ही लिहावीत.

भिंती दीड-दोन फूट जाड का?

सगळा भार भिंतींवर आहे, आत लोखंडी सांगाडा नाही. दोन्ही बाजूंनी काळ्या दगडाचे दर्शनी थर, मधे चुन्यात भरलेले लहान दगड, आणि जागोजागी दोन्ही थरांना धरून ठेवणारे आरपार लांब दगड. एप्रिल-मेमध्ये आत गारवा वाटतो तो याच जाडीमुळे आणि उंच छपरामुळे. शेजारच्या स्लॅबच्या खोलीत त्याच वेळी पंख्याखाली बसवत नाही.

भिंतीचा गिलावा सारखा फुगून पडतो. दर दोन वर्षांनी सिमेंटने करतो, तरीही.

तरीही नाही, त्यामुळेच.

खाडीकाठची जमीन खारट. ओल जमिनीतून भिंतीत चढते आणि मीठ बरोबर घेऊन येते. चुन्याचा गिलावा श्वास घेतो. ओल त्यातून बाहेर पडते, मीठ पृष्ठभागावर पांढरे दिसते, झाडले की निघते. सिमेंटचा गिलावा आणि त्यावर ऑइलपेंट लावला की ओलीची वाट बंद होते. मग ती आणखी वर चढते, मीठ गिलाव्याच्या मागे साठते आणि एक दिवस सगळे ढलपे घेऊन खाली येते. लोणा लागला म्हणून लोक आणखी जाड सिमेंट मारतात आणि लोणा खिडकीच्या वर जातो.

खरा दोषी बऱ्याचदा भिंतीत नसून रस्त्यात असतो. गावठाणातला रस्ता दर निवडणुकीला नव्याने काँक्रीट होतो, जुना थर कुणी काढत नाही. त्या खाडीलगतच्या शाळेला मुळात पाच पायऱ्या होत्या, आता दोन दिसतात. जोत्याचा अर्ध्याहून जास्त भाग रस्त्याखाली गाडला गेला आहे आणि पावसाचे पाणी भिंतीच्या पायथ्याशी नाही, थेट भिंतीलाच उभे राहते. जोते उंच ठेवण्याचा मूळ हेतूच गेला.

काय करावे? आधी इमारतीभोवती फूट-दीड फूट रुंदीची पट्टी मोकळी करून पाण्याला उतार काढून द्या. मग सिमेंटचा गिलावा हलक्या हाताने उतरवा. दगड फोडणारे ब्रेकर मशीन लावू नका. एक उन्हाळा भिंत उघडी सुकू द्या आणि मग चुन्याचा गिलावा करा. चुनकळी आणून ती नीट विरवायला आठवडे जातात, ठेकेदार "दोन दिवसांत देतो" म्हणाला तर तो सिमेंट मिसळणार आहे हे धरून चाला. जुन्या चुनाकामात गूळ आणि हिरड्याचे पाणी घालायचे. ते घालणारा गवंडी मिळाला तर उत्तम, नाही मिळाला तर साधा, नीट विरलेला चुना आणि स्वच्छ वाळूही पुरते. वाळू मात्र खाडीची नको.

कौले काढून पत्रे टाकले तर कटकट संपेल ना?

गळतीची कटकट काही वर्षे संपेल, बाकीच्या सुरू होतील. पत्र्याखाली मे महिन्यात बसवत नाही आणि जुलैत गुरुजींचा आवाज तिसऱ्या रांगेला पोचत नाही. शिवाय छपराचा तोलही बदलतो. मंगळुरी कौले दर चौरस मीटरला साधारण पंधरा लागतात, एकेक दोन-अडीच किलोचे. म्हणजे चौरस मीटरमागे तीस-पस्तीस किलो वजन वाशांना खाली दाबून धरते. पत्रा त्या मानाने काहीच नाही. तो नीट जखडला नाही तर वादळी वाऱ्यात आधी तोच उचलला जातो.

कौलारू छप्पर मागते ते एवढेच की दर वर्षी पावसाआधी कुणीतरी वर चढावे, सरकलेली कौले परतावीत, फुटलेली बदलावीत, पन्हळीतला पाला काढावा. पूर्वी मे महिन्यात गावातलीच चार माणसे हे करायची. शाळा बंद झाली आणि हे काम कुणाचे नाही असे झाले. एक कौल सरकते, त्याखालची रीप कुजते, मग वासा, मग ओल भिंतीच्या माथ्यात शिरते आणि मधला चुना वाहू लागतो. शंभर वर्षे टिकलेली इमारत अशी पाच-सात पावसाळ्यांत बसते. लोक म्हणतात जुनी होती म्हणून पडली. आमच्या मते ती वर कुणी चढले नाही म्हणून पडते.

आधीच सिमेंटचे जुने पत्रे चढवले असतील तर ते फोडू नका, कापू नका. त्यांत अ‍ॅसबेस्टॉस असू शकते आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक. ओले करून, अख्खेच्या अख्खे, जाणकाराकडून उतरवून घ्या.

स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये "सी-१" शेरा आला. आता पाडावीच लागणार?

सी-१ म्हणजे अतिधोकादायक, तात्काळ रिकामी करून पाडायची. सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती, सी-२बी म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ. महापालिका कायद्यानुसार तीस वर्षांवरच्या इमारतींचे ऑडिट करावेच लागते, ते टाळू नका.

पण अहवाल उघडून वाचा. ऑडिटची नेहमीची साधने काँक्रीटसाठी आहेत. काँक्रीटवर हातोडी आपटून त्याची ताकद मोजणारे यंत्र चुन्यातल्या दगडी भिंतीवर लावून काही कळत नाही. अहवालात "आरसीसी कॉलम" असे शब्द आले आणि तुमच्या इमारतीत एकही कॉलम नसेल, तर नमुना भरून दिला आहे हे उघड आहे. दगड-चुन्याच्या बांधकामाचा अनुभव असलेल्या अभियंत्याकडून दुसरा अहवाल मागवा. त्यात भिंती ओळंब्यात आहेत का, कोपरे सुटलेत का, तुळयांची टोके भिंतीत कुजलीत का, वाळवी कुठवर आहे, हे आले पाहिजे. तोपर्यंत इमारत रिकामी ठेवा आणि पडवीला टेकू द्या. वाद चालू आहे म्हणून आत अंगणवाडी भरवणे हा मूर्खपणा.

जागा नक्की कुणाची? गावाची, सिडकोची की पालिकेची?

या प्रश्नावर अनेक गावांत दोन-दोन पिढ्यांनी चहा प्यायला आहे. १७ मार्च १९७० ला सिडको स्थापन झाली, नव्या शहरासाठी ९५ गावांच्या जमिनी संपादनात आल्या. गावठाणातली घरे त्यातून वगळली, पण शाळा पुष्कळदा गावठाणाच्या कडेला, गुरचरणात किंवा कुणी दिलेल्या शेतात असायची. त्यामुळे शाळेची जागा गावठाणाच्या रेषेच्या आत की बाहेर, हे आधी पाहावे लागते.

सातबारा काढा, त्यातला "इतर अधिकार" हा रकाना वाचा. नगर भूमापन झाले असेल तर मालमत्ता पत्रक काढा. कुणाच्या आजोबांनी जागा दिली असे सांगितले जात असेल तर बक्षीसपत्र किंवा फेरफार मागा. तोंडी दान कोर्टात उभे राहत नाही. विकास आराखड्यात त्या जागेवर "प्राथमिक शाळा" असे आरक्षण आहे का तेही बघा. असेल तर ते बदलायला प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खालची प्रक्रिया लागते. हरकती-सूचना मागवाव्या लागतात. म्हणजे तुम्हाला बोलायची संधी मिळते, ती दवडू नका.

शाळा या इमारतीतून का हलवली?

एकाच कारणाने नाही. १९८७ च्या खडू-फळा योजनेत प्रत्येक प्राथमिक शाळेला निदान दोन मोठ्या, बारमाही वापरता येणाऱ्या खोल्या द्यायच्या होत्या. त्यातून जुन्या शाळेच्या आवारातच स्लॅबच्या खोल्या उठल्या. नंतर सर्व शिक्षा अभियानाच्या खोल्या आल्या. १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला आणि प्रत्येक शिक्षकामागे एक खोली, मुलामुलींना वेगळी स्वच्छतागृहे, अपंग मुलांना अडथळ्याविना प्रवेश हे बंधनकारक झाले. एका लांब दालनात चार यत्ता चार कोपऱ्यांत बसवणारी जुनी रचना यात बसत नव्हती. आणि गावातली मुलेही नोडमधल्या, म्हणजे सिडकोने वसवलेल्या नव्या वसाहतींमधल्या, इंग्रजी शाळांकडे निघाली.

हेरिटेज यादीत नाव घालता येईल का?

प्रयत्न करता येतो. प्राचीन स्मारकांच्या कायद्याला शंभर वर्षांची अट आहे आणि गावची शाळा त्या वाटेने जाणे कठीणच. महापालिकेच्या वारसा यादीची वाट जास्त व्यवहार्य आहे. २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत वारसा इमारतींच्या जतनाची तरतूद आहे, आणि अशा इमारतींच्या श्रेणी ठरतात. गावची शाळा बहुधा खालच्या श्रेणीतच बसेल. त्या श्रेणीत आतले बदल करून नवा वापर करायला बरीच मोकळीक असते. आयुक्तांकडे अर्ज करताना भावना कमी आणि पुरावे जास्त जोडा: मोजमापी नकाशा, फोटो, शेरेबुकाच्या प्रती.

माझ्या आजोबांचे नाव या शाळेत होते. दाखला मिळेल का?

इमारत बंद असली तरी दप्तर बंद होत नाही. जनरल रजिस्टर, म्हणजे दाखल-खारीज, कायम जतन करायचे असते. शाळा ज्या नव्या इमारतीत हलली किंवा ज्या शाळेत विलीन झाली, तिथल्या मुख्याध्यापकांकडे अर्ज करा. तिथे नसेल तर शिक्षण विभागाकडे.

हे फक्त आठवणींसाठी नाही. जातपडताळणीत इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा पाहतात, अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा. इथल्या आगरी कुटुंबांकडे त्या काळचे दुसरे कागद सहसा नसतात. आजोबा दुसरीपर्यंतच शिकले असले तरी त्यांच्या नावापुढच्या जातीच्या रकान्यातला एक शब्द नातवाचा इंजिनिअरिंगचा प्रवेश वाचवतो. म्हणून इमारत रिकामी करताना कपाटातले "रद्दी" गठ्ठे कुणाला परस्पर देऊ नका. जुनी पाने मोडीत असतील तर मोडी वाचणारे ठाण्या-मुंबईत मिळतात.

पाडायचेच ठरले तर निदान काय करून ठेवावे?

पाडायच्या आधी तिची पूर्ण नोंद करा. दोन माणसे, एक टेप, आलेखाची वही, दोन रविवार. आधी बाहेरची चारही अंगे मोजा. मग आतले दालन कर्णासह मोजा, नाहीतर भिंत तिरकी असेल तर कळणार नाही. प्रत्येक खिडकीची रुंदी, उंची आणि जमिनीपासूनचे अंतर लिहा. छपराचा आडवा छेद काढा: जोते, भिंतीचा माथा, तुळई, कैची, आढे. फोटो काढताना मोजपट्टी चौकटीत ठेवा.

छोट्या गोष्टी सुटतात, त्या आधी टिपा. फळा हा वेगळा लाकडी नसून भिंतीतलाच गुळगुळीत काळा पट्टा असेल, तर त्याच्या खालची खडू ठेवायची खाच. नकाशे टांगायच्या खुंट्या. दाराच्या उंबऱ्याची मधोमध झिजलेली कड. भिंतीवरच्या सुविचाराच्या अक्षरांचे वळण, ते कुणा ड्रॉइंगमास्तरचे असेल तर गावात ओळखणारा भेटतो. आणि रंगाचे थर: एका कोपऱ्यात बोटभर चौकोन पायरी-पायरीने खरवडला की आधी पांढरा चुना, मग नीळ घातलेला, खाली कावेचा पट्टा, वर हिरवा ऑइलपेंट, असे क्रमाने दिसते.

जुना साग आणि कौले विकून गावकीला पैसे मिळतील का?

इमारत सरकारी किंवा पालिकेची असेल तर माल गावकीचा नाही. त्याचा पंचनामा आणि लिलाव होतो. एरवी ठेकेदार पाडकाम "फुकट" करायला तयार होतो, कारण त्याचा डोळा सागावर असतो. निविदेत सुटा निघालेला माल कुणाचा, हे आधीच स्पष्ट लिहून घ्या. तुळया, खांब, चौकटी यांची मोजून यादी करा. मंगळुरी कौले उतरवताना मधल्या उताराची चांगली कौले बाजूला रचून ठेवायला सांगा. शेजारच्या गावात कुणी आपली कौलारू शाळा दुरुस्त करत असेल तर त्यांना जुन्या ठशाची कौले बाजारात मिळत नाहीत, ती त्यांना द्या.